नॅस्करची सीट आणि कॉलेजचे पैसे

(पत्राचा सारांश: अमेरिकेतल्या शार्लटजवळच्या कॉन्कर्डहून एका आईने लिहिलं आहे. कुटुंब मूळचं सांगलीचं. वडील बँकेच्या आयटी विभागात, एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगा सोळा वर्षांचा. घरच्या सिम्युलेटरवर सुरुवात करून तो गेले काही उन्हाळे लेजंड्स या छोट्या शर्यती गाड्यांच्या स्पर्धांत उतरतो आहे आणि काही जिंकलाही आहे. नॅस्कर, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार शर्यती भरवणारी संघटना, हे त्याचं स्वप्न. आता लेट मॉडेल, म्हणजे छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या स्टॉक कारच्या एका संघाने त्याला पूर्ण हंगामासाठी बोलावलं आहे, पण पैसे घरच्यांनी भरायचे. मुलाला शाळा ऑनलाइन करायची आहे. कॉलेजसाठी साठवलेल्या ५२९ खात्याला हात लावायला वडील तयार नाहीत. आणि सांगलीहून आजोबा विचारतात, गोल गोल फिरण्यात कसलं आलंय करिअर?)

नमस्कार,

आधी आजोबांचा प्रश्न घेते, कारण त्याचं उत्तर तुमच्याही उपयोगाचं आहे. नवे टायर असताना गोल फिरणं बऱ्याच जणांना जमतं. खरी परीक्षा टायर झिजल्यावर सुरू होते. वळणावर गाडीचं नाक आत येत नसेल तर ड्रायव्हर ‘टाइट’ म्हणतो, मागची बाजू सुटत असेल तर ‘लूज’. हे वळणात शिरताना होतंय, मध्यावर होतंय की बाहेर पडताना, हे त्याला रेडिओवर एका वाक्यात नेमकं सांगता यावं लागतं. त्यावरून क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी पाहणारा प्रमुख, टायरमधली हवा किंवा स्प्रिंगवरचा भार बदलतो. गाडी सुधारून घेणारा असा ड्रायव्हर सगळ्याच संघांना हवा असतो. तुमच्या पत्रात चषक किती मिळाले ते आहे, पण चिरंजीवांना हे कितपत जमतं याबद्दल एक ओळही नाही. एकदा शर्यतीत त्याचा रेडिओ ऐका.

दुसरं, ‘त्याची निवड झाली’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, निवड झालेली नाही. या पायरीवर बहुतेक मुलं संघाकडून गाडी, मेकॅनिक आणि अख्खा हंगाम पैसे देऊन घेतात. यात लबाडी नाही, तो त्या धंद्याचा रिवाजच आहे. पण म्हणजे संघाला गिऱ्हाईक मिळालं, तुमच्या मुलाला नोकरी मिळाली नाही. हा फरक लक्षात घेतला की वडिलांचं म्हणणं भित्रेपणाचं वाटणार नाही.

पुढच्या पायऱ्याही पाहा. लेट मॉडेलनंतर आर्का मालिका, मग ट्रक मालिका, मग २०२५ पर्यंत एक्सफिनिटी म्हणून ओळखली जाणारी आणि २०२६ पासून ओ’रायलीच्या नावाने चालणारी मालिका, आणि सगळ्यात वर कप, म्हणजे नॅस्करची मुख्य मालिका. दर पायरीला खर्च वाढतो आणि वरच्या पायऱ्यांवर एका हंगामाचा हिशोब लाखो डॉलरांत जातो. कपमध्ये चार्टर, म्हणजे दर शर्यतीत हमखास जागा असलेल्या गाड्या, फक्त ३६. कोरी हाइमने २०२५ मध्ये ट्रक मालिकेत एका हंगामात १२ शर्यती जिंकण्याचा विक्रम केला, अजिंक्यपदही मिळवलं, तरी २०२६ साठी कपमध्ये पूर्णवेळ सीट त्याच्या वाट्याला आली नाही. ‘पोरगं जिंकत राहिलं की दार आपोआप उघडेल’ असं संघाचा माणूस म्हणाला, तर त्याला हाइमबद्दल विचारा.

तुमचा मुलगा विल्यम बायरनचं उदाहरण देतो म्हणता. उदाहरण खरं आहे. बायरन शार्लटचाच. तोही सिम्युलेटरवर शिकला, लेजंड्समध्ये उतरला, २०१७ मध्ये एक्सफिनिटीचा विजेता झाला आणि २०१८ मध्ये कपमध्ये हेन्ड्रिक संघाच्या २४ क्रमांकाच्या गाडीत बसला. पुढे २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं त्याने डेटोना ५०० ही नॅस्करची सर्वांत मानाची शर्यत जिंकली. पण त्याच्या मागे ऐपतदार घर होतं आणि लिबर्टी विद्यापीठासारखा प्रायोजक होता. त्याच विद्यापीठात तो शिकतही होता, हे मुलाला आवर्जून सांगा.

तुमच्या घराला जवळची वाट मला राजा करूथची वाटते. घरात कुणी रेसर नाही, सुरुवात सिम्युलेटरवर. तिथून नॅस्करच्या ‘ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी’ योजनेत निवड, रेव्ह रेसिंग या संघाच्या गाड्या, मग आर्का आणि ट्रक. मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासला त्याने पहिली ट्रक शर्यत जिंकली. हे चालू असताना विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स मॅनेजमेंटचं शिक्षणही चालू होतं. कपपर्यंत पोहोचलेले काइल लार्सन, बबा वॉलेस आणि मेक्सिकोहून आलेला डॅनियल सुआरेझ हेही याच योजनेतून आले. इथे निवड खरोखर होते, म्हणून अर्ज आधी इथे करा.

वय निघून जाईल या भीतीने तुम्ही कासावीस झाला आहात. जोई लोगानो अठराव्या वर्षी टोनी स्ट्युअर्टच्या जागी कपमध्ये आला, एकोणिसाव्या वर्षी शर्यत जिंकून सर्वांत तरुण विजेता ठरला, आणि चार हंगामांत दोनच विजय पदरी पडल्यावर त्या संघाने त्याला ठेवलं नाही. तीन अजिंक्यपदं त्याने पुढे पेन्स्के संघाकडे मिळवली. उलट जॉश बेरी. हा बँकेत कॅशियर होता. ऑनलाइन शर्यतींतून नॅस्करचे नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर यांच्याशी ओळख झाली, त्यांच्या संघाची लेट मॉडेल गाडी त्याने वर्षानुवर्षं चालवली. कपमध्ये पूर्णवेळ आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि २०२५ मध्ये लास व्हेगासला जिंकला. सोळाव्या वर्षी हंगाम हुकला म्हणून काही संपत नाही. तसंही ट्रक मालिकेच्या मोठ्या ट्रॅकवर अठरा पूर्ण झाल्याशिवाय उतरता येत नाही.

व्हिसाचा मुद्दा तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलाय. माझ्या मते तो पहिला हवा. मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर असेल तर त्याला कमाई करता येत नाही. बक्षिसाची रक्कम, प्रायोजकाचे पैसे, सुट्टीत संघाच्या वर्कशॉपमधलं काम, यातलं काय चालतं हे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही नको. एकविसाव्या वर्षी तो तुमच्या व्हिसातून बाहेर पडेल. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुधा विद्यार्थी व्हिसाच घ्यावा लागेल आणि त्यासाठी कॉलेजचा प्रवेश हातात हवा. म्हणून ५२९ खातं तसंच राहू द्या. शिक्षणाशिवाय इतर कारणासाठी पैसे काढले तर वाढीव रकमेवर कर आणि वर दहा टक्के दंड लागतो. ऑनलाइन शाळेला माझा विरोध नाही, फक्त गणित आणि भौतिकशास्त्र सुटता कामा नये. २००८ ची डेटोना ५०० जिंकणाऱ्या रायन न्यूमनकडे पर्ड्यू विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी होती. तुमच्या जवळच शार्लटमधल्या यूएनसी शार्लट विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात. सीट नाही मिळाली तरी त्याच संघांच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर लागतात.

धोक्याबद्दल खोटा धीर देणार नाही. २००१ मध्ये डेल अर्नहार्ट सीनियर, म्हणजे ज्युनियरचे वडील, डेटोनाला शर्यतीतल्या अपघातात गेले, त्यानंतर मान सांभाळणारं हान्स उपकरण सक्तीचं झालं, भिंतींना धक्का शोषणारे अडथळे आले, आणि कप मालिकेत तेव्हापासून कुणी दगावलं नाही. पण गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर तसे अडथळे सगळीकडे नसतात. डोक्याला बसणारा मार तर आजही करिअर संपवतो. कर्ट बुश २०२२ च्या पोकोनोच्या अपघातानंतर पूर्णवेळ परतलाच नाही. हंगामाआधी मेंदूची बेसलाइन चाचणी, म्हणजे पुढे मार बसला तर तुलना करता येईल अशी नोंद, करून घ्या, आणि ‘चक्कर येतेय’ हे मुलाने लपवायचं नाही, हे आधीच ठरवा.

आता माझा सल्ला. पूर्ण हंगाम घेऊ नका. हिकरीसारख्या जवळच्या ट्रॅकवरच्या तीन-चार शर्यती, तुमच्या चालू उत्पन्नातून झेपतील तेवढ्याच. करारात टायर कुणाचे, अपघातात गाडीची दुरुस्ती कोण देणार, क्रू चीफ तोच राहणार की बदलणार आणि सरावाचे दिवस किती, हे लिहून घ्या. मुलाच्या लॅपचा डेटा त्याला घरी न्यायला मिळेल का, हेही विचारा. दुरुस्तीचा खर्च अमर्याद तुमच्यावर टाकणारा करार असेल तर तिथूनच परत या. त्या शर्यतींनंतर क्रू चीफला बाजूला घेऊन एवढंच विचारा, की पैसे भरले नसते तर याला पुन्हा गाडीत बसवलं असतं का. उत्तर ऐकताना मुलगा शेजारी असू द्या.