द्विमितीय पदार्थांच्या इन्फ्रारेड एलईडीची कार्यक्षमता वाढवायला सुरुवात कुठून करावी?

ब्लॅक फॉस्फरस किंवा मॉलिब्डेनम डायटेल्युराइडच्या अतिपातळ (द्विमितीय) थरांच्या इन्फ्रारेड एलईडी इतका कमी प्रकाश का देतात आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये आधी काय हाती घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, नवा पदार्थ शोधत बसू नका. हातात आहे त्याच पदार्थात नुकसान नेमकं कुठे होतंय ते आधी पकडा.

बाहेरून मोजलेली कार्यक्षमता हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो: किती इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) थरात येऊन एकमेकांना भेटतात, त्यातल्या किती जोड्या प्रकाश देतात, आणि त्यातला किती प्रकाश बाहेर पडतो. एक आकडा दोन टक्क्यांवर अडकला, तर बाकीचे दोन शंभरावर नेले तरी हाती दोनच टक्के येतात. म्हणून कॉन्टॅक्ट (वीज आत नेणारी धातूची जोडणी) बसवण्याआधी त्याच थरावर लेसर टाकून फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेसरमुळे थर किती उजळतो ते, मोजा. तिथे थर उजळत असेल आणि डायोड मात्र मंद असेल, तर दोष स्फटिकाचा नाही, जोडणीचा आहे.

थरच मंद असेल तर पृष्ठभाग बघा. बर्कले विद्यापीठातल्या अली जावे यांच्या गटाने 2015 मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरावर सुपरअॅसिडची (अतितीव्र आम्लाची) प्रक्रिया करून क्वांटम यील्ड, म्हणजे प्रकाश देणाऱ्या जोड्यांचं प्रमाण, एका टक्क्याखालून 95 टक्क्यांच्या वर नेलं. 2019 मध्ये त्यांनीच दाखवलं की गेट व्होल्टेजने (थराजवळच्या वेगळ्या इलेक्ट्रोडवरच्या व्होल्टेजने) थरातले जादा इलेक्ट्रॉन काढून टाकले तरी तसंच होतं. पण हा उपाय डोळे झाकून उचलू नका. सल्फाइडला जमलेलं हे अॅसिड सेलेनाइडला लागू पडलं नाही.

ब्लॅक फॉस्फरसची गोष्ट वेगळी. त्याचा बँडगॅप (प्रकाशाची तरंगलांबी ठरवणारी ऊर्जेतली दरी) कितीही जाडीला थेटच, म्हणजे प्रकाश द्यायला सोयीचाच, राहतो, त्यामुळे एकच थर सोलण्याचा अट्टहास नको. काही दहा नॅनोमीटर जाडीचा तुकडा हाताळायला सोपा असतो आणि सुमारे 4 मायक्रॉनला प्रकाश देतो. मात्र हवा, ओलावा आणि उजेड एकत्र आले की तो खराब होतो. हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्येच थर सोला आणि बाहेर काढण्याआधी बोरॉन नायट्राइडने झाका.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते प्रकाश बाहेर काढणं, आणि सोपा फायदा खरं तर तिथेच आहे. नुसत्या सिलिकॉनवर थर ठेवला की बहुतेक प्रकाश खाली सिलिकॉनमध्येच शिरतो. खाली सोन्याचा आरसा द्या आणि मधे पाव तरंगलांबीइतकं अंतर ठेवा: उदाहरणार्थ 1150 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सिलिकॉन डायऑक्साइडचा साधारण 200 नॅनोमीटर थर लागतो. सोन्यात होणाऱ्या फेजबदलामुळे (प्रकाशलहरीच्या टप्प्यातल्या बदलामुळे) तो आकडा थोडा सरकतो, म्हणून सिम्युलेशन करूनच जाडी ठरवा.

आकडा सांगताना तापमान आणि विद्युतधाराही लिहा. धारा वाढवली की ऑजे प्रक्रियेमुळे (यात जोडीची ऊर्जा प्रकाशाऐवजी तिसऱ्या कणाला मिळते) जोड्या प्रकाश न देताच संपू लागतात, त्यामुळे कमी धारेवरचा सर्वोच्च आकडा आणि उपयोगाच्या धारेवरचा आकडा यांत मोठी तफावत असू शकते.