'लेगसी ऑफ केन'ची थिअरी मांडायच्या आधी

भावा, साताऱ्यात ही व्हॅम्पायरच्या कथेची व्हिडिओ गेम सिरीज खेळणारं कुणी भेटेना म्हणून हिरमुसू नकोस. आम्ही सांगलीत तिघंच आहोत, आणि तिघांचं एकमत कधीच होत नाही. तू विचारलंस, पहिल्या गेममध्ये मेलेला जुना व्हॅम्पायर व्होराडोर 'ब्लड ओमेन २'मध्ये जिवंत कसा? सांगतो.

आधी मूळ पाचही गेम आले त्याच क्रमाने खेळ, १९९६चा 'ब्लड ओमेन' ते २००३चा 'डिफायन्स'. कथेतला काळ बघून 'ब्लड ओमेन २' दुसरा घेतलास की घोळ झालाच. पहिल्या गेममध्ये व्होराडोरचं मुंडकं उडतं आणि इथे गडी धडधाकट! नवखे लगेच 'लेखक विसरले' म्हणून मोकळे होतात. तू विचारलंस म्हणून शेवट फोडतो: 'सोल रीव्हर २'च्या शेवटी केन (सिरीजचा मुख्य व्हॅम्पायर) राझिएलच्या (त्याचा जुना सरदार, 'सोल रीव्हर'चा नायक) अंगातून तलवार उपसतो आणि इतिहास बदलतो. व्होराडोरचं जगणं बरेच फॅन त्याच बदलाच्या खात्यावर टाकतात. मलाही तेच पटतं.

बाकी थोडक्यात:

- काळाचा रखवालदार मोबियस, त्याच्या शब्दावर थिअरी उभारू नकोस, एक नंबरचा बेरकी आहे तो.
- 'गेममध्ये दिसलं' आणि 'मला वाटतं' हे वहीत वेगवेगळं लिही. निम्मी भांडणं इथेच मिटतात.
- हिल्डेनचं (व्हॅम्पायरांची शत्रू असलेली प्राचीन जमात) प्रकरण सध्या राहू दे.

'सोल रीव्हर' संपला की कळव, मग पुढचं बोलू.