प्रश्न वाचकांचे : गॅस सुटला तर कामगाराने काय करावे?

प्रश्न : मी बेळगावजवळच्या एका शीतगृहात काम करतो. तेथे अमोनिया वापरला जातो. वर्षातून एकदा आम्हाला बसवून पडद्यावर इंग्रजीतून माहिती दाखवतात आणि हजेरीपत्रकावर सह्या घेतात. आमच्यात मराठी, कन्नड आणि हल्ली बिहारकडचीही मुले आहेत. खरोखरच गळती झाली तर काय करायचे, हे आमच्यापैकी कोणालाही नीट सांगता येणार नाही. प्रशिक्षण कसे असावे?
— एक कामगार, बेळगाव

उत्तर : आपण ज्याला प्रशिक्षण म्हणता ते सह्यांपुरतेच झालेले आहे, आणि हे आपल्या लक्षात आले ही चांगली गोष्ट आहे. रात्रपाळीतल्या सर्वांत नव्या मुलाला उठवून तीन गोष्टी विचाराव्यात : वारा कुठून वाहतो आहे हे कशावरून ओळखशील, कोणत्या वाटेने बाहेर पडशील आणि कुठे जमायचे. त्याने न अडखळता उत्तरे दिली तरच तो शिकला असे मी मानतो.

अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, म्हणून तो वर निघून जाईल असे पुष्कळांना वाटते. पण नळीतला द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. तो फुटलेल्या जोडातून बाहेर आला की थंड पांढरे धुके होऊन जमिनीलगत पसरतो आणि माणूस नेमका त्यातच सापडतो. अशा वेळी धुके ज्या दिशेने सरकते आहे त्या दिशेने न पळता वाऱ्याला आडवे जाऊन त्यातून बाहेर पडावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर तो ओढू नये, आधी भरपूर पाणी ओतावे. जमिनीवर साचलेल्या द्रवावर मात्र पाण्याचा फवारा मारू नये, त्याने तो अधिकच उकळून वायू वाढतो. व्हॉल्व्ह बंद करायला जायचे ते पाठीवर हवेचे सिलिंडर आणि अंगभर रसायनरोधक पोशाख चढवलेल्या, त्याचा सराव असलेल्या दोघांनीच.

ही माहिती पडद्यावर पाहून अंगात मुरत नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी उमेदवारी करत असताना आमचे मिस्त्री नव्या पोरांना तापलेल्या पत्र्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून दाखवत आणि ते तडतडून उडाले की म्हणत, “आता हेच लॅडलमध्ये लोखंडाच्या खाली अडकलं तर?” (लॅडल म्हणजे वितळलेले लोखंड नेण्याचे भांडे.) पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते, हा आकडा मला पुढे पुस्तकात भेटला, पण ओली लॅडल भट्टीपाशी न्यायची नाही, हे मी त्या दिवशीच शिकलो होतो. आपल्या शीतगृहातही दिवे घालवून, भिंतीला धरून चाचपडत दारापर्यंत जाण्याचा सराव व्हायला हवा, आणि तो मराठी, कन्नड व हिंदी अशा तिन्ही भाषांत समजावून.

यात मेहेरबानी कसलीच नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतील धोके व त्यांवरचे उपाय कामगारांना सांगणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी, जेथे मोठ्या प्रमाणावर साठा आहे अशा कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घेणे भाग पाडले. आपले शीतगृह लहान असून त्या नियमाखाली येत नसले तरी फुप्फुसे सर्वांची सारखीच असतात. सुरक्षा समितीत आपण ही मागणी लेखी मांडावी.

प्रश्न : माझे यजमान साखर कारखान्यात कंत्राटी कामाला आहेत. हंगाम संपला की त्यांना सांडपाण्याच्या टाकीत उतरून गाळ काढायला सांगतात. ते म्हणतात, वास येत नसेल तर भीती नाही. हे खरे आहे का?
— एक भगिनी, हुक्केरी तालुका

उत्तर : ताई, हे खरे नाही, आणि ही समजूत जीवघेणी आहे. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांसारखी घाण येते, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला तेव्हा धोका वाढलेलाही असू शकतो. शिवाय आत प्राणवायू कमी असतो. बाहेरच्या हवेत तो जवळपास २१ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत उतरू नये. आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत आहे, ती येथे मुळीच वापरू नये, कारण गाळातून मिथेनही सुटतो आणि तो पेट घेतो.

यजमानांना सांगा की टाकीत हवा खेळवून, यंत्राने वायू मोजून, लेखी परवाना मिळाल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. कमरेला नव्हे तर खांद्या-मांड्यांना बांधलेला पट्टा व दोर हवा, आणि वर एक माणूस असा हवा ज्याला दुसरे कोणतेही काम नाही. आतला कोसळला तर वरच्याने उडी टाकायची नाही, दोराने ओढून घ्यायचे आणि मदत बोलवायची. अशा टाक्यांत एकापाठोपाठ दोन-तीन माणसे जातात ती पहिल्याला वाचवायला उतरल्यामुळेच, आणि ती बहुधा भाऊ किंवा जिवलग सोबती असतात. म्हणून “उतरू नकोस” हे वाक्य आधीच, शांतपणे, एकमेकांना बजावून ठेवलेले असले पाहिजे.

प्रश्न : तवंदी घाटात टँकर उलटला तर आमच्या मंडळाच्या मुलांनी काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सांडलेले इंधन डब्यात भरायला धावू नये आणि कोणालाही धावू देऊ नये. वारा जिकडून येतो त्या बाजूला, उंचावर थांबावे. स्वयंपाकाचा गॅस जड असल्याने ओढ्याकडे उतरतो. विडी, मोटारसायकल, मोबाइलचा फ्लॅश, सारे दूर. गॅसचा टँकर आगीत सापडला असेल तर लोकांना दीड किलोमीटरच्याही पलीकडे न्यावे. टँकरच्या पाटीवर चार आकडी क्रमांक असतो : १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १२०३ पेट्रोल. तो लांबूनच वाचता आला तर वाचावा, आणि ११२ वर फोन करून ठिकाण, रस्त्याची बाजू, वाऱ्याची दिशा व तो क्रमांक याच क्रमाने सांगावा.