ताई, केएएस व्हायचंय पण कन्नड?

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, बीकॉम फर्स्ट इयर, ऑगस्टमध्ये 18 पूर्ण झाली. केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवेतली अधिकारी) व्हायचंय, पण घरचे म्हणतात कन्नडमध्ये तुला काय जमणार. आणि वोटर लिस्टमध्ये नाव कधी घालू?

उत्तर : नाव आधी घाल बाई. 1 ऑक्टोबरला 18 पूर्ण असलं की चालतं, जानेवारीची वाट बघायला नको, नाव नोंदवायचा फॉर्म 6 ऑनलाइन भर नाहीतर गावच्या बीएलओला (मतदार यादीचं काम बघणाऱ्याला) गाठ. केएएसला कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो, सुटका नाही, पण बसच्या पाट्या वाचत वाचत शिकलेली पोरं मी बघितलीत (माझं कन्नड अजून भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतंच!). यूपीएससीची मेन्स मात्र मराठीतून लिहिता येते, घरच्यांना तेही सांग.