सुरगाण्याच्या मुलीला कोणतं वाद्य?

नाशिक

प्रिय मित्रा,

तुझी शॉर्टफिल्म पाहिली, मग पडद्याकडे पाठ करून नुसती ऐकली. सुरगाण्याची कोकणा आदिवासी मुलगी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीतून उतरते आणि लगेच कीबोर्डमधले ते ‘ट्रायबल’ ढोल सुरू! ती अजून एक शब्द बोललेली नाही, आणि तू जमातीचा शिक्का मारून मोकळा. अरे, नर्सिंगची फी भरायला आलीय ती. हातात फाइल, पोटात गोळा. ढोल कशाचे?

ही खोड जुनी आहे. हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांत तिथले मूळ रहिवासी डोंगरावर दिसले की चार मात्रांचा ठोका, पहिलीवर दणका. जमात कुठलीही असो, ठोका तोच. अरब दिसला की कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर उडी. गंमत म्हणजे तीच उडी आपल्या भैरवात आहे, आणि पंचवटीत सकाळी भैरव ऐकताना कुणाला उंट आठवत नाही. वंश त्या सुरांत नव्हताच. सिनेमांनी तो तिथं चिकटवला.

मातीतलं वाद्य वापरूच नको, असं नाही. १९६१ च्या ‘काबुलीवाला’त सलील चौधरींनी ‘ऐ मेरे प्यारे वतन’ला अफगाणी वळण दिलं, ते शोभतं. कारण वतनाची आठवण त्या पठाणांनाच येतेय. उलट ‘सैराट’मध्ये (२०१६) अजय-अतुलनी गावाकडच्या पोरांच्या प्रेमासाठी लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. गावची पोरं म्हणून नुसत्या हलगीवर भागवलं नाही. मला विचारशील तर त्यांचा तो निर्णय गाण्यांइतकाच मोठा आहे.

तू आधी चार-पाच सुरांची एक ओळ बांध, तिची एकटीची. नुसती गुणगुणली तरी ओळखू यावी. फीच्या खिडकीपाशी ती ओळ अर्ध्यावर तुटू दे, होस्टेलवर मैत्रीण भेटली की पुरी होऊ दे.

पावरी, म्हणजे तिकडचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, हवीच असेल तर शेवटी ठेव, मुलगी डोंगऱ्या देवाच्या उत्सवासाठी गावी परतते तिथं. पण सॅम्पल नको. सुरगाण्याकडे जा, वाजवणाऱ्यासमोर बस, मानधन आधी ठरव, श्रेयनामावलीत त्याचं नाव घाल. त्याचा सूर तुझ्या कीबोर्डशी जुळला नाही तर पावरीला ऑटोट्यून लावू नकोस, कीबोर्ड तिच्याशी जुळव.

तोवर ढोलांचा ट्रॅक म्यूट करून नवा कट पाठव. स्टँडवरची अनाउन्समेंट आणि कंडक्टरची आरोळी मात्र राहू दे, ती छान पकडलीयस.

तुझा,
दादा