व्हीलचेअरवर बसून तलवारबाजी कशी खेळतात?

पाय हलत नसतील तर तलवारबाजीत मागे-पुढे कसे होणार, असे आपण विचारले आहे. उत्तर असे की, मागे-पुढे व्हायचेच नसते. दोन्ही व्हीलचेअर जमिनीवरील धातूच्या चौकटीत घट्ट जखडलेल्या असतात आणि खेळाडूंमधील अंतर हातांची लांबी पाहून आधीच ठरवले जाते. त्यामुळे वार चुकवायचा तो मोकळ्या हाताने खुर्ची पकडून, केवळ कमरेवरचे शरीर झुकवून. बैठक सीटवरून उचलली, तर तो नियमभंग ठरतो. (घरच्या खुर्चीत बसून, न उठता, समोरच्याचा खांदा गाठून पाहा, पोटाचे स्नायू लगेच जाणवतील.)

फॉइल, इपी आणि सेबर या तलवारीच्या तीन प्रकारांपैकी फॉइलमध्ये फक्त धडावरचा स्पर्श ग्राह्य असतो, तर इपी आणि सेबरमध्ये कमरेच्या वरचे डोके व हातही लक्ष्य असतात. धडावर कितपत ताबा आहे, हे पाहून खेळाडूंचे गट पाडतात. १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून हा खेळ त्या स्पर्धांमध्ये आहे.

नागपुरात सुरुवातीची चौकशी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात करावी. जाड जाकीट आणि जाळीचा मुखवटा घालावा लागत असल्याने मे महिन्यात सराव सकाळी लवकरच ठेवावा.