१८०० च्या आसपास इंग्लिश कविता एकदम बदलली म्हणतात, ती खरंच वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या दोघांनीच बदलली का? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

नाही, दोघांनीच नाही. कॉलेजात आपल्याला असंच शिकवतात की १७९८ मध्ये या दोघांच्या कवितांचं 'लिरिकल बॅलड्स' हे पुस्तक आलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोमँटिक युग, म्हणजे भावना आणि निसर्गाला महत्त्व देणाऱ्या कवितेचं युग, सुरू. पण ते पुस्तक निघालं तेव्हा त्यावर कवीचं नावसुद्धा नव्हतं, प्रती साधारण ५००, छापलं ब्रिस्टलच्या जोसेफ कॉटलने आणि त्याने लगेच ते लंडनच्या दुसऱ्या प्रकाशकाच्या गळ्यात घातलं. त्यावर झोडपणारं परीक्षण लिहिलं ते रॉबर्ट सदी (Southey) या कवीने, म्हणजे कोलरिजच्या सख्ख्या साडूने!

मला खरं तर शार्लट स्मिथ या कवयित्रीबद्दल सांगायचंय, कारण तिचं नाव अशा उत्तरांत कोणी घेत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नवरा कर्जबाजारी, १७८३ च्या शेवटी त्याला लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात टाकलं, हीपण काही काळ तिथे त्याच्यासोबत राहिली, आणि घरात पैसा हवा म्हणून १७८४ मध्ये स्वतःच्या खर्चाने 'एलिजियाक सॉनेट्स' हे सुनीतांचं, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांचं, पुस्तक छापलं. पुस्तक चाललं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या, ती प्रत्येक वेळी नव्या कविता घालत गेली. पुढे नवऱ्यापासून वेगळी झाली आणि कादंबऱ्या, कविता लिहून आपली मुलं पोसली. आता त्या सॉनेट्समध्ये काय आहे बघा: एकटं माणूस, समुद्रकिनारा किंवा नदी किंवा चंद्र, आणि त्या जागेशी बोलता बोलता स्वतःच्या मनाचा तळ ढवळणं. आपण ज्याला वर्ड्सवर्थची खासियत म्हणतो ना, त्यातलं बरंच काही तिच्याकडे चौदा वर्षं आधी आहे. १७९१ मध्ये एकवीस वर्षांचा वर्ड्सवर्थ फ्रान्सला जाताना ब्रायटनला थांबून तिला भेटला होता. आणि म्हातारपणी त्याने एका कवितेच्या तळटीपेत लिहून ठेवलंय की या बाईचं इंग्लिश कवितेवर जेवढं ऋण आहे तेवढं कोणी मानणारही नाही आणि लक्षातही ठेवणार नाही. तसंच झालं.

दुसरा रॉबर्ट ब्लूमफील्ड. इंग्लंडमधल्या सफकचा गरीब मुलगा, अंगाने लहानखुरा, शेतकाम झेपेना म्हणून लंडनला भावाकडे बूट शिवायला पाठवला. माळ्यावरच्या खोलीत बाकीच्या कारागिरांबरोबर बूट शिवता शिवता त्याने 'द फार्मर्स बॉय' ही लांबलचक कविता रचली, त्यातला मोठा भाग कागदावर उतरवायच्या आधी नुसता डोक्यात धरून ठेवलेला. १८०० मध्ये छापली आणि दोन-तीन वर्षांत २५,००० च्या वर प्रती खपल्या. 'लिरिकल बॅलड्स' तेव्हा याच्या जवळपासही नव्हतं. म्हणजे खेड्यातल्या साध्या माणसाचं जगणं कवितेत यावं ही भूक वाचकांना होतीच. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८६ लाच स्वतःच्या बोलीत ते करून दाखवलं होतं, आणि लंडनमध्ये कवी-चित्रकार विल्यम ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर कविता नि चित्रं एकत्र कोरून बायकोच्या मदतीने रंगवत होता, फक्त त्याला वाचक मिळाले नाहीत.

मग वर्ड्सवर्थचं मोठेपण कशात? माझ्या मते त्याने यामागचा विचार मांडला. 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला (बाजारात आली १८०१ च्या जानेवारीत) त्याने मोठी प्रस्तावना जोडली, की कवितेची भाषा माणसं खरोखर बोलतात ती असावी, ठरावीक नटवी काव्यभाषा नको, आणि विषयही साधे, गावाकडचे असावेत. भांडण त्या प्रस्तावनेवरून पेटलं आणि वर्षानुवर्षं चाललं. पण या आवृत्तीत कोलरिजवर अन्याय झाला असं मला ठामपणे वाटतं. मुखपृष्ठावर नाव एकट्या वर्ड्सवर्थचं, कोलरिज म्हणजे प्रस्तावनेत उल्लेखलेला एक 'मित्र', त्याची 'क्रिस्टाबेल' ऐनवेळी वगळली, आणि 'एन्शंट मरिनर' पहिल्या जागेवरून उचलून मागे टाकली, वर तिच्यात काय काय दोष आहेत याची टीप! शतकभरातली सगळ्यात झपाटून टाकणारी कविता ती, आणि तिची अशी संभावना.

आता वाचायचं काय. आधी वर्ड्सवर्थची 'टिंटर्न अ‍ॅबी', पण मोठ्याने वाचा, कारण त्यात यमक नाही, सगळी मजा वाक्य ओळीवरून पुढच्या ओळीवर कसं सरकतं त्यात आहे. मग लगेच कोलरिजची 'फ्रॉस्ट अ‍ॅट मिडनाइट', तीही १७९८ चीच, रात्री शेजारी पाळण्यात बाळ झोपलंय आणि बाप विचार करत बसलाय, या दोन कविता लागोपाठ वाचल्या की दोघं एकमेकांकडून किती शिकत होते ते आपोआप कळतं. त्यानंतर शार्लट स्मिथची पाच-सहा सॉनेट्स. ब्लूमफील्ड सगळा नाही वाचलात तरी चालेल, त्यातला हिवाळ्याचा भाग घ्या. हे सगळं जुनं असल्यामुळे नेटवर फुकट मिळतं. फक्त 'एन्शंट मरिनर' घेताना १८१७ चा पाठ शोधा, कोलरिजने त्यात समासात, म्हणजे पानाच्या कडेला, गद्यात गोष्ट सांगत नेलीय, पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्याचा खूप आधार होतो, १७९८ च्या पाठात मुद्दाम जुनाट ठेवलेलं स्पेलिंग आहे ते नंतर बघा.